बेघरांसाठी बिऱ्हाड

मिरजेहून लोंढ्याकडे जाणारी गाडी बेळगावला थांबते, तेव्हा उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला जावयाचे ठिकाण असतेच असे नाही. निपाणीच्या बसस्थानकावर, महामार्गाच्या कडेला, देवळाच्या पायरीवर काही माणसे मुक्कामालाच असतात. कोणी मराठी बोलतो, कोणी कानडी. कोणी मुळीच बोलत नाही. बेळगावच्या पावसाळ्यात ही माणसे दुकानांच्या वळचणीला उभी असतात. 2011 च्या जनगणनेत देशभर अशा 17 लाख 73 हजार बेघरांची नोंद झाली.

श्रोतेहो, या माणसांसाठी समाजाने आजवर काय केले, ते प्रथम पाहू. कर्नाटकात 1975 चा भिक्षाप्रतिबंधक कायदा आहे. त्याखाली भीक मागणाऱ्यास पकडून निराश्रित केंद्रात ठेवता येते, आणि या कामासाठी घरपट्टीवर शेकडा 3 प्रमाणे उपकर आकारण्याची तरतूद आहे. म्हणजे बेळगावातील घरमालक या प्रश्नापासून अलिप्त नाही. त्याचे पैसे त्यात गुंतलेले आहेत. परंतु कोंडून ठेवणे म्हणजे आश्रय नव्हे, हे 2010 च्या ऑगस्टमध्ये बंगळूरच्या अशाच केंद्रात एकामागून एक झालेल्या मृत्यूंनी सर्वांना दाखवून दिले.

दुसरा उपाय रात्रनिवाऱ्याचा. 2013 साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने बारमाही, अहोरात्र उघड्या निवाऱ्यांची योजना आखली. दर लाख लोकसंख्येमागे निदान 100 जणांची सोय व्हावी, असे तिचे प्रमाण होते. या हिशेबाने, 2011 सालीच 5 लाखांच्या घरात पोहोचलेल्या बेळगावास सुमारे 500 जणांची सोय हवी. निवाऱ्याने रात्रीचा प्रश्न सुटतो, आणि पावसापाण्यात तो अत्यावश्यकच आहे. तथापि निवाऱ्यातील माणसाला ना स्वतःची किल्ली असते, ना स्वतःची चूल. उद्या आपली जागा येथेच असेल, याची शाश्वती नसते.

तिसरा उपाय रुग्णालयाचा. बेघरांपैकी काहीजण मनोविकाराने घर सोडून भटकलेले असतात. अशांना उपचार देऊन घरी पोहोचविण्याचे काम डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठानाने कर्जत येथे केले, आणि 2018 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. पण ज्यांचे घरच उरलेले नाही, किंवा ज्यांना घरचे स्वीकारीत नाहीत, त्यांनी बरे होऊन जावे कोठे? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने याचे स्पष्ट उत्तर दिले आहे. केवळ कुटुंब नाही किंवा घर नाही एवढ्या कारणास्तव कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही; अशांसाठी समाजातच साहाय्यासह निवासाची सोय करणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

साहाय्यासह निवास म्हणजे काय? आपल्या भाषेत त्याला बिऱ्हाड म्हणावे. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या संस्थेने 2015 पासून असा उपक्रम चालविला आहे. साध्या वस्तीत एक घर भाड्याने घ्यावयाचे. चार-पाच जणांनी त्यात एकत्र राहावयाचे. बाजार, स्वयंपाक, झाडलोट त्यांनीच ठरवावयाची. सोबतीला एक कार्यकर्ती. ती औषधाची आठवण देते, बँकेत खाते उघडून देते, शिधापत्रिकेच्या खेपा घालते आणि कामधंदा शोधण्यास मदत करते.

येथे शंका निघते, की आधी माणूस सुधारावा, मग त्यास घर द्यावे. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली सॅम त्सेम्बेरिस यांनी हा क्रम उलटा केला: आधी घर, मग बाकीचे साहाय्य. पुढे 2009 ते 2013 या काळात कॅनडाने पाच शहरांत, सुमारे 2000 बेघर मनोरुग्णांसह, या रीतीची कसोटी घेतली. अभ्यासाच्या अखेरच्या सहा महिन्यांत, आधी घर मिळालेल्यांपैकी शेकडा 62 जण सर्व काळ घरात टिकून होते; नेहमीच्या व्यवस्थेतील लोकांत हे प्रमाण शेकडा 31 होते. ज्याला निजावयाची जागा नाही, त्याने औषध वेळेवर घ्यावे ही अपेक्षाच मुळी अन्यायाची आहे.

सीमाभागात आणखी एक पेच पडतो. गडहिंग्लजचा माणूस निपाणीत सापडतो, चिकोडीचा कोल्हापुरात. कागद एका राज्यात, माणूस दुसऱ्यात. बिऱ्हाडाने त्याला पत्ता मिळतो, आणि पत्ता मिळाला की शिधा, निवृत्तिवेतन आणि मतदान यांची वाट मोकळी होते.

यासाठी सेवाभावी संस्थांनी दानापुरते न थांबता मागणी करावी: महानगरपालिकेने व नगरपालिकांनी अशा घरांच्या भाड्याची हमी घ्यावी, कार्यकर्त्यांना नियमित वेतन मिळावे, आणि घरपट्टीवरील तो उपकर बिऱ्हाडांवर खर्च व्हावा. त्यासाठी नियम बदलावे लागले, तर ते बदलावेत.

राहिला प्रश्न शेजाऱ्यांचा. ‘आमच्या गल्लीत नको’ हे उत्तर प्रथम ऐकू येईल. त्यावर इतकेच म्हणावेसे वाटते, की ज्या गल्लीत दरवर्षी गणेशोत्सवाच्या मांडवाला जागा निघते, त्या गल्लीत चार माणसांच्या एका बिऱ्हाडालाही जागा निघावयास हरकत नसावी.