शिवारातील हिवाळा आणि शाळेतील विज्ञान

उमरीसारख्या गावी हिवाळ्यात निसर्ग पाहावयास जावे, असे कोणी सुचविले तर ऐकणारास ती थट्टा वाटण्याचा संभव आहे. निसर्ग म्हणजे महाबळेश्वर, निसर्ग म्हणजे ताडोबा, फार तर किनवट-माहूरचे सागवानी जंगल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शाळेची सहल निघते तीही वेरूळ-अजिंठ्याला किंवा सहस्रकुंडाचा धबधबा पाहण्यास. मुदखेड-धर्माबाद लोहमार्गावरील या गावाभोवती काळी शेते, बांधावरच्या बाभळी, थोडेबहुत गायरान आणि दक्षिणेस गोदावरीचे पात्र. यात पाहण्याजोगे ते काय, हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. वस्तुतः तो प्रश्न जागेचा नसून पाहण्याच्या सवयीचा आहे; आणि ही सवय नसल्याची किंमत शेतकरी पिकातून आणि विद्यार्थी शिक्षणातून मोजत आहेत.

या सवयीला आरंभ करावयाचा तर हिवाळ्यासारखा दुसरा काळ नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत पाऊल टाकवत नाही आणि उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर उन्हात उभे राहवत नाही. मार्गशीर्ष-पौषातील सकाळ मात्र चालण्यासाठीच असते. हरभऱ्यावर दव पडलेले असते, ज्वारी पोटऱ्यात किंवा हुरड्यावर असते, नदीकडून धुके येते आणि याच दिवसांत दूरदूरचे पाहुणे शिवारात उतरलेले असतात.

दूरदेशीचे पाहुणे

ज्वारीच्या शेतावर ढगासारखे उठणारे आणि क्षणात वळणारे भोरड्यांचे थवे कोणत्या मराठवाडी मुलाने पाहिले नाहीत? परंतु या भोरड्या पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशांतून येतात आणि तेथे टोळ-नाकतोडे मारून पिले वाढवितात, हे त्यांच्यावर गोफण फिरविणाऱ्यांपैकी किती जणांस ठाऊक असते? शेतकऱ्याने कणसांचे रक्षण करू नये असे कोणी म्हणणार नाही. पण हाकलावयाचा तो पक्षी कोण, तो येथे दाणे खातो तसे किडेही खातो काय, याची निरीक्षणाने खात्री करून घेणे, हाच विज्ञानाचा पहिला धडा आहे.

पाणवठ्यावर शेपटी वरखाली हलवीत चालणारा धोबी आणि पडक्या भिंतीवर शेपूट थरथरविणारा थिरथिरा हेही उत्तरेकडून आलेले पाहुणेच. गायरानावर जमिनीलगत तरंगत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी मध्य आशियातून येतो. त्याच्या आहारात नाकतोड्यांचा मोठा वाटा असतो आणि रात्री तो झाडावर न बसता गवतात जमिनीवर उतरतो. म्हणजे गायरान नांगरले गेले की या पक्ष्याचा निवाराच जातो. गवताळ माळास ‘पडीक’ ठरविण्याचा परिणाम काय होतो हे माळढोकाच्या उदाहरणाने दाखविले आहे. त्याच्यासाठी 1979 मध्ये सोलापूरकडे अभयारण्य जाहीर झाले. तरीही आज महाराष्ट्रातून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे.

गोदावरीचेही तसेच. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याची दारे सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार 1 जुलैपासून 28 ऑक्टोबरपर्यंत उघडी ठेवावी लागतात. ती 29 ऑक्टोबरला खाली येतात. दोन राज्यांतील पाणीवाटपाने ठरलेली ही तारीख नेमकी स्थलांतरित बदकांच्या आगमनाच्या दिवसांत पडते. साठलेल्या पाण्यावर कोणते पक्षी कधी उतरतात आणि कधी जातात, याची नोंद नदीकाठच्या एखाद्या शाळेने पाच-दहा वर्षे ठेवली तर ती अभ्यासकांनाही मोलाची वाटेल.

दुर्लक्षित बुरशी

पक्ष्यांकडे निदान मान वर होते. बुरशीकडे कोणीच पाहत नाही. ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून लाथेने उडवावयाची वस्तू, यापलीकडे तिची ओळख नसते आणि पाऊस सरला की तीही संपली असे मानले जाते. प्रत्यक्षात छत्री हे बुरशीचे केवळ फळ. तिचे खरे शरीर म्हणजे माती, लाकूड, पालापाचोळा यांत पसरलेले बारीक धाग्यांचे जाळे होय आणि ते कोरड्या हिवाळ्यातही टिकून असते. ही वनस्पतीही नव्हे. 1969 मध्ये व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने सजीवांची पाच सृष्टींत विभागणी करताना बुरशीला स्वतंत्र सृष्टीचे स्थान दिले. नात्याने ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची आहे, असे पुढील संशोधनाने दाखविले.

थंडीच्या सकाळी शिवारात फिरताना ती पावलोपावली भेटते. वाळलेल्या बाभळीच्या खोडावर लाकडासारखे कडक, अर्धगोल तुकडे फळीसारखे चिकटलेले असतात; ती लाकूड कुजविणारी बुरशी होय. लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य फोडून त्याची पुन्हा माती करण्याचे काम मुख्यत्वे अशाच बुरशींचे आहे. गायरानातील वारूळ हे तर बुरशीचा मळाच म्हणावे. वाळवी चावलेला काडीकचरा आत रचते, त्यावर बुरशी वाढविते आणि तीच खाते. नागपंचमीला ज्या वारुळाची पूजा होते त्याच्या पोटात अशी शेती चालते, हे कळल्याने श्रद्धा कमी होण्याचे कारण नाही. कुतूहल मात्र वाढेल.

आणि दगडफूल? मराठवाड्याच्या काळ्या मसाल्यात ते हवेच. बाजारातले दगडफूल डोंगराळ, दमट प्रदेशातून येते. पण त्याचे करड्या-पिवळ्या पापुद्र्यांसारखे भाऊबंद जुन्या मंदिरांच्या दगडांवर व खोडांवर येथेही पाहावयास मिळतात. तो एक जीव नसून बुरशी व शेवाळ यांचा भागीदारीतील संसार आहे, हे 1867 मध्ये स्विस शास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी मांडले तेव्हा अनेक विद्वानांनी त्यांची टर उडविली होती. आज ते सर्वमान्य आहे.

दोन भाषांचा सांधा

परंतु बुरशीचा विषय केवळ कुतूहलाचा नाही. हरभऱ्याचे हिरवे रोप बघता बघता माना टाकते. उपटून खोड उभे चिरले तर आत तपकिरी-काळी रेघ दिसते. शेतकरी त्यास ‘मर’ म्हणतो. गव्हाच्या पानावर येतो तो ‘तांबेरा’, बोरीच्या पानावर ‘भुरी’, ज्वारीच्या कणसात ‘काणी’. हे चारही शब्द अस्सल, अनुभवातून आलेले आहेत. शाळेच्या पुस्तकात ‘बुरशी’ म्हणून वेगळाच धडा असतो. त्यात शिळ्या पाकिटातील पावाचे चित्र असते. मर, तांबेरा, भुरी, काणी ही सारी त्या धड्यातील बुरशीचीच कुळे आहेत, हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. घरी एक भाषा व वर्गात दुसरी. आणि दोहोंची गाठ कोठेच पडत नाही. शिवारातील फेरफटका ही गाठ घालून देतो, यातच त्याचे खरे मोल आहे.

या गाठीमागे महाराष्ट्रीय संशोधकांची परंपराही उभी आहे. ज्वारीच्या कणसातून गोड, चिकट द्रव पाझरविणाऱ्या रोगाचे मूळ बुरशीत आहे, यावर आजरेकरांनी 1926 मध्ये लिहिले. त्यांच्या नावाचा बुरशीनमुन्यांचा संग्रह आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आहे. आग्र्याचे प्रा. के. सी. मेहता यांनी तांबेऱ्याचा माग काढला. मैदानी उन्हाळ्यात हा रोग तग धरत नाही, डोंगरांवर जगतो आणि वाऱ्याबरोबर पुन्हा खाली उतरतो, असे त्यांनी 1940 पर्यंतच्या अभ्यासातून दाखविले. पुढील संशोधकांनी निलगिरी-पळणीच्या डोंगरांतून नोव्हेंबरच्या वादळी वाऱ्यांबरोबर तो मध्य भारताकडे कसा येतो हे सिद्ध केले. म्हणजे गव्हावरचा तांबेराही भोरडीप्रमाणे हिवाळ्यातील प्रवासीच! मरीवर उपाय म्हणून बियाण्यास चोळावयाची ट्रायकोडर्मा हीही बुरशीच आहे. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतील हे नाव ज्याने शाळेत भिंगाखाली पाहिले आहे, तो मोठेपणी दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहणार नाही.

यासाठी खर्च नगण्य आहे. एक भिंग, एक वही आणि महिन्यातून दोन सकाळी एवढे पुरे. ताजे शेण काचेच्या बरणीत झाकून एका बाजूने उजेड दिला तर बहुधा आठवड्याभरात त्यावर पायलोबोलस ही चिमुकली बुरशी उगवते. ती उजेडाकडे वळते आणि आपली काळी बीजाणुपेटी त्या दिशेने काचेवर फेकते. गुरे शेणाजवळचे गवत टाळतात, म्हणून तिला दूर उडी घ्यावी लागते. हे पाहिलेला विद्यार्थी तो धडा विसरणे शक्य नाही. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. रानातील कोणतीही छत्री खाऊन पाहू नये. चांदीचे नाणे काळे पडते की नाही यासारख्या पारखी साफ खोट्या आहेत आणि त्या जिवावर बेतू शकतात.

नोंदींचा प्रश्न

परीक्षेचा बोजा असताना, पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या प्रदेशात, हे चोचले कशास, असा आक्षेप येईल. शिक्षकांवरील अशैक्षणिक कामांचा भार खरा आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु ज्या प्रदेशाचे भवितव्य माती व पाणी यांवर अवलंबून आहे तेथे माती-पाण्यातील जीवांची ओळख हा चोचला कसा? उमरी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना, 1931 मध्ये, सालिम अली यांनी त्या संस्थानातील पक्ष्यांची पाहणी हाती घेतली. नोकरी नव्हती, तरी त्यांनी मानधन न घेता ते काम केले. मात्र बाहेरून आलेला तज्ज्ञ काही आठवडेच थांबू शकतो. गावाचे बारमाही निरीक्षण गावातील माणूसच करू शकतो.

शासनाने 2020 मध्ये मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरविला. जैवविविधता कायदा 2002 चा. त्यानुसार गावोगावी समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या व्हावयाच्या होत्या. वही कपाटात बंद राहिली तर कायद्याचे कलम पुरे होईल, हेतू नव्हे. ती शाळेच्या हाती द्यावी. वृद्धांकडून ऐकलेली नावे, पहिली भोरडी दिसल्याची तारीख, मर लागलेले शेत, छाटलेली बाभळ, नांगरलेले गायरान, हे सारे तीत उतरावे.

कारण नावे विसरली की वस्तू नाहीशी झाल्याचेही कळत नाही. भोवत्या यंदा आला नाही, हे तो पूर्वी येत होता हे ठाऊक असलेल्यालाच समजते. येत्या हिवाळ्यात उमरीच्या एखाद्या शिक्षकाने एका रविवारी सकाळी दहा मुले घेऊन नदीची वाट धरली, तर तेवढ्यानेही या विसराला आळा बसण्यास आरंभ होईल.