जोखीम म्हणजे निदान नव्हे

प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालची छोटी ग्रंथी) कॅन्सरचे ‘जोखीम घटक’ वाचले की अनेकांना धडकी भरते. जोखीम घटक आजाराची शक्यता वाढवतो, एवढेच. जसे, पनवेलला गाढी नदीकाठच्या घरात पावसाळ्यात पाणी शिरण्याची भीती जास्त. पण दरवर्षी शिरतेच असे नाही.

वाढते वय आणि वडिलांना किंवा भावाला झालेला हा आजार, हे ठळक घटक. वय तर कोणालाच चुकत नाही! जगात २०२० मध्ये सुमारे १४ लाख नवे रुग्ण होते; २०४० मध्ये वर्षाला २९ लाख होतील, असा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा अंदाज आहे. लांबलेले आयुर्मान हे त्यामागचे मोठे कारण.

पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे प्रथिन) वाढले म्हणजे कॅन्सरच, हेही खरे नाही. जंतुसंसर्गानेही ते वाढते. खात्री बायोप्सीने (तुकडा काढून तपासणी) होते.