डब्यांतील दुधाची राखण

दूध हा जितका पौष्टिक तितकाच नाशवंत पदार्थ आहे. उन्हाळ्यांत सकाळीं घेतलेलें दूध वेळेवर तापविलें नाहीं, तर दुपारपर्यंत तें नासतें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. असें असतां कंडेन्स्ड मिल्कचा, म्हणजे साखर घालून आटविलेल्या दुधाचा, डबा फडताळांत कित्येक महिने सुखरूप राहतो, याचें मुलांस नवल वाटतें. नाताळांत नारळाच्या वड्या, केक व खिरी यांसाठीं हे डबे घरोघर फोडले जातात, आणि उरलेलें दूध अर्ध्या डब्यांत तसेंच पडून राहतें. म्हणून हें दूध टिकतें कशानें व बिघडतें कशानें, याचा थोडासा विचार वाचकांपुढें मांडावा, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंतील गेल बॉर्डेन या गृहस्थानें १८५६ सालीं निर्वात भांड्यांत दूध आटविण्याच्या कृतीचें पेटंट मिळविलें. हवा काढून घेतलेल्या भांड्यांत दूध कमी उष्णतेवर उकळतें, त्यामुळें तें करपत नाहीं. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तेव्हां सैनिकांना असें दूध पुरविण्यांत येऊं लागलें आणि या धंद्याचा जम बसला.

गाईच्या ताज्या दुधाच्या शंभर भागांत सुमारें ८७ भाग पाणी असतें. साखर घालून आटविलेल्या दुधांत तें सुमारें २७ भागच उरतें, आणि साखर मात्र ४० ते ४५ भाग असते. ही साखर उरलेलें पाणी जणूं धरून ठेवते. जंतूंना वाढण्यास पाणी लागतें, आणि तेंच त्यांच्या हातीं लागत नाहीं. आपल्या आजीबाईंचा मुरांबा वर्षभर टिकतो तो याच कारणानें. उलट बासुंदी आटविलेली असली, तरी तींत साखर बेताची व पाणी पुष्कळ असल्यामुळें ती दुसऱ्या दिवशींच आंबूं लागते. सारांश, डब्यांतील दुधाचे राखणदार दोन: एक साखर व दुसरें डब्याचें घट्ट बंद तोंड. डबा फोडला कीं दुसरा राखणदार जातो. ओला चमचा घातला कीं पहिलाहि दुबळा होतो.

बाजारांत बिनसाखरेचें आटविलेलें दूधहि मिळतें. तें डब्यांत भरल्यावर प्रखर उष्णतेनें निर्जंतुक केलेलें असतें. साखरेचा आधार त्यास मुळींच नसतो. म्हणून डबा फोडल्यावर तें ताज्या दुधाप्रमाणेंच लेखावें, फ्रिजमध्यें ठेवावें व दोन-तीन दिवसांत संपवावें. दोन्ही डबे दिसण्यांत सारखे असल्यामुळें वरील चिठ्ठी वाचण्याची संवय ठेवावी.

न फोडलेला डबा थंड व कोरड्या जागीं, चुलीपासून दूर ठेवावा. कोंकणासारख्या दमट प्रदेशांत पावसाळ्यांत पत्रा लवकर गंजतो. तेव्हां डबे अधूनमधून पुसून पाहावे. नवा डबा मागें व जुना पुढें ठेवला, म्हणजे छापील मुदत उलटून जात नाहीं.

डबा फोडण्यापूर्वीं त्याचें झांकण धुऊन पुसून घ्यावें, कारण त्यावरील धूळ पातें टोंचतांच आंत जाते. उरलेलें दूध डब्यांत ठेवूं नये. कापलेल्या पत्र्यास नीट झांकण बसत नाहीं, दुधास पत्र्याची चव लागते व धारेनें बोटहि कापतें. उकळत्या पाण्यानें धुतलेल्या व पूर्ण वाळविलेल्या कांचेच्या बरणींत तें काढावें, घट्ट झांकण लावून फ्रिजमध्यें ठेवावें आणि आठवड्याच्या आंत वापरावें. डब्यावर याहून कमी मुदत छापली असेल, तर तीच पाळावी. बरणींत कोरडाच चमचा घालावा. चाटलेला चमचा पुन्हां बरणींत घालणारे बालवीर घरोघर असतात. त्यांनीं हें वाक्य दोनदां वाचावें! पाणी मिसळून पातळ केलेलें दूध तर लगेच वापरावें, कारण पाणी पडतांच साखरेचें संरक्षण संपतें.

आतां बिघाडाची पारख. प्रत्येक बदल हा बिघाड नव्हे. पुष्कळ दिवस उष्ण जागीं राहिलेलें दूध पिंवळसर तपकिरी व अधिक घट्ट होतें. तळाशीं वाळूसारखे कण लागतात, ते दुधांतील साखरेचे खडे होत. मुदत संपलेली नसेल, डबा धड असेल व वास गोड असेल, तर अशा दुधापासून अपाय होत नाहीं. चव मात्र थोडी उतरते.

परंतु डबा फुगलेला असेल, तर तो फोडूंच नये. साखरेंतहि जगणारे यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव आंत शिरले, म्हणजे ते साखर आंबवून वायु निर्माण करतात व डब्याचीं तोंडें वर येतात. बिनसाखरेच्या दुधाचा डबा फुगला असेल, तर धोका याहून मोठा. गळणारा, आरपार गंजलेला किंवा सांध्याजवळ खोल पोंचा आलेला डबाहि टाकावा. फोडल्यावर फेंस उसळला, आंबूस किंवा दारूसारखा वास आला, वर बुरशी दिसली किंवा बटणाएवढ्या तांबूस चिवट गांठी आढळल्या, तर सर्वच दूध टाकावें. वरची बुरशी काढून खालचें दूध वापरणें हें घातक होय.

येथें दोन समजुतींविषयीं सांगणें अवश्य आहे. चाखून पाहिलें म्हणजे कळतें, ही पहिली. परंतु परीक्षेसाठीं घेतलेला घांसहि पोटांतच जातो, आणि रोगजंतूंना नेहमींच वास वा चव असते असें नाहीं. उकळलें म्हणजे दोष जातो, ही दुसरी. परंतु कांहीं जंतु मेले, तरी त्यांनीं सोडलेलें विष उकळण्यानें नष्ट होत नाहीं. अशा दुधानें घरांतील लहान मूल वा वृद्ध माणूस ओकाऱ्या व जुलाबांनीं बेजार झाल्यास, वांचविलेल्या चार पैशांची किंमत फार मोठी पडते. तसेंच, हें दूध चांगलें असतांहि तान्ह्या मुलांना आईच्या दुधाऐवजीं पाजण्याजोगें नाहीं. त्यांत साखर फार व पोषण अपुरें असतें.

अन्न टाकूं नये, हा आपल्या घरांतील संस्कार थोर आहे. पण तो बिघडलेलें खाऊन पाळावयाचा नसून, बिघडूं न देऊन पाळावयाचा असतो. लहान डबा पुरत असेल तेथें मोठा फोडूं नये, आणि उरलेल्या बरणीवर फोडल्याची तारीख लिहावी. हें शेवटचें काम विद्यार्थ्यांनीं आजच आपल्या अंगावर घ्यावें. त्यास कागदाचा एक तुकडा व थोडीशी दक्षता एवढेंच लागतें.