वेझो

वेझो हा मादागास्करच्या नैर्ऋत्य व पश्चिम किनाऱ्यावर राहणारा, मासेमारीवर जगणारा समाज आहे. वेझोपण जन्माने नव्हे, तर समुद्रावरील कौशल्याने येते, अशी त्यांची धारणा आहे.

हा प्रदेश अत्यंत कोरडा आहे. समुद्रात प्रवाळभित्ती, काठाने खारफुटी आणि पाठीमागे काटेरी अरण्य व खोडात पाणी साठवणारे गोरखचिंचेचे वृक्ष असे त्याचे रूप आहे. या अरण्यातील एक लांब शेपटीचा, जमिनीवर धावणारा पक्षी फिहेरेनाना व मांगोकी या नद्यांमधील किनारपट्टीबाहेर जगात कोठेही आढळत नाही.

वेझोंच्या होडीस 'लाकाना' म्हणतात. अरुंद होडी कलंडू नये म्हणून तिला एका बाजूस तराफ्यासारखे लाकूड आडव्या दांड्यांनी जोडलेले असते. कोकणातील कोळी त्यास 'उलांडी' म्हणतात, त्यामुळे ही रचना मराठी वाचकास अपरिचित नाही. मादागास्करला ती आग्नेय आशियातून आलेल्या पूर्वजांकडून मिळाली. चौकोनी शीड दोन काठ्यांवर ताणतात. दूरच्या बेटांवर मुक्काम पडला, की त्याच शिडाचा तंबू होतो.

घटत्या मासळीवर उपाय म्हणून आंदावादोआका येथे २००४ साली काही महिने ऑक्टोपसची शिकार बंद ठेवण्यात आली. ऑक्टोपस झपाट्याने वाढत असल्याने हा प्रयोग इतर गावांनीही उचलला, आणि त्यातूनच गावांनी मिळून सांभाळलेले 'वेलोंद्रियाके' हे सागरी संरक्षित क्षेत्र उभे राहिले. होडीचा प्रश्न मात्र याहून बिकट आहे. लाकाना फाराफात्सी वृक्षाच्या हलक्या खोडातून कोरली जाते, आणि एवढ्या घेराचे वृक्ष आता किनाऱ्यालगत दुर्मीळ झाले आहेत.