सदतीस मुलांचा हिशेब

अणुवीज केंद्राजवळ राहणाऱ्यांना कर्करोग जास्त होतो का, यावर भांडणारे पुष्कळ. बसून मोजणारे थोडे. जर्मनीने मोजले. कसे मोजले, ते आमच्या वाचक बंधू-भगिनींनी समजून घ्यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

तेथे माइंझ शहरात १९८० पासून मुलांच्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. तिच्यातून १६ केंद्रांच्या परिसरातील पाच वर्षांखालील १५९२ आजारी मुले घेतली. काळ १९८० ते २००३. ताडून पाहण्यासाठी त्याच भागातील, त्याच वयाची ४७३५ निरोगी मुलेही घेतली. मग प्रत्येक मुलाच्या घरापासून केंद्राच्या चिमणीपर्यंतचे अंतर काढले. आम्ही कारकून माणसे. आम्हांला या कामाची किंमत कळते.

२००७ साली निष्कर्ष आला. पाच किलोमीटरच्या आत रक्ताचा कर्करोग झालेली मुले ३७ होती. एरवी १७ असायला हवी होती. २४ वर्षांत २० मुले जास्त! आकडा लहान म्हणणाऱ्याने त्या २० आयांना विचारावे.

पण घाई नको. केंद्रातून बाहेर पडणारा किरणोत्सर्ग निसर्गातून सर्वांनाच मिळतो त्याच्या हजार पटींहूनही कमी, असे त्याच शास्त्रज्ञांनी सांगितले. मग आजार कशाने? बाहेरून आलेली माणसे खेड्यात मिसळल्याने एखादा संसर्ग पसरत असावा, असा तर्क ब्रिटनमध्ये मांडला गेला. सिद्ध काहीच झाले नाही. म्हणजे केंद्र दोषी ठरले नाही, तसे निर्दोषही सुटले नाही. जर्मनीने आपली शेवटची तीन केंद्रे एप्रिल २०२३ मध्ये बंद केली, ती मात्र अन्य कारणांनी.

अमेरिकेत २०१० साली असाच अभ्यास हाती घेतला होता. सात ठिकाणांची प्राथमिक पाहणी करायची, खर्च सुमारे ८० लाख डॉलर. वेळ व पैसा फार लागतो म्हणून २०१५ मध्ये तो गुंडाळला. वीज विकायला पैसा असतो, मोजायला नसतो!

आपल्या तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. तिकडचा रोगी उपचाराला मुंबईत आला आणि केसपेपरवर चाळीतल्या मेहुण्याचा पत्ता लिहिला, तर तो मुंबईचा रोगी म्हणून मोजला जाण्याचा संभव असतो. म्हणून घरच्यांनी खिडकीवर गावाचाच पत्ता सांगावा, आणि तेथे किती वर्षे राहतो तेही लिहून घ्यायला लावावे.