मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन

लोणावळ्याच्या पावसात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. माझं खरं ऐकणं त्याच दिवसांतलं. यंदा कॅमेरूनच्या मनू दिबांगोचा निवडक संग्रह लावून बसलो होतो. १९७२च्या ‘सोल मकोसा’नं जगाला ताल धरायला लावणारा हा सॅक्सोफोनवाला २०२०मध्ये करोनानं गेला. त्याची उभी कारकीर्द ओळीनं ऐकताना मला माझी वही आठवली. चाळीस वर्षं त्या वहीत मी हिंदी चित्रपटगीतांत सॅक्सोफोन वाजवणाऱ्या मनोहारी सिंगांच्या जागा टिपत आलो आहे.

कोलकात्याची वर्षं थोडक्यात सांगतो. जन्म १९३१चा, घराणं मूळचं नेपाळी, सुरुवात बाटाच्या कारखान्यातल्या बँडमध्ये. १९५८च्या सुमारास सलील चौधरींनी त्यांना मुंबईला आणलं. पुढं राहुलदेव बर्मन यांचे सहायक म्हणून बासू चक्रवर्ती आणि आपले मारुतीराव कीर यांच्यासोबत त्यांनी केलेलं काम सर्वांना ठाऊक आहे. बासू-मनोहारी या जोडनावानं त्यांनी संगीतही दिलं, ‘सबसे बडा रुपैया’ (१९७६) हा चित्रपट त्यातलाच. माझं मन मात्र तिथं रमत नाही.

ते रमतं साठच्या दशकात. काही जाणकार अजूनही लिहितात, की हिंदी चित्रपटात सॅक्सोफोन म्हणजे दारूचा गुत्ता, कॅबरे आणि खलनायकाचा अड्डा. पुरावा म्हणून ‘आराधना’मधलं (१९६९) ‘रूप तेरा मस्ताना’ पुढं करतात. या मंडळींनी ‘गाइड’मधलं (१९६५) ‘तेरे मेरे सपने’ पुन्हा ऐकावं. चाल सचिनदेव बर्मन यांची, आवाज रफींचा, आणि दोघांच्या मधे तो सॅक्सोफोन. त्यात नशा नाही, शब्द देणाऱ्या माणसाचा धीर आहे. या वाद्याला बटणं असतात, म्हणजे सूर सुटे सुटे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं तर ओठांची पकड आणि फुंकर यांवरच सगळी भिस्त. मनोहारींनी तिथं सनईसारखी मींड काढली. साहेबी बँडचं वाद्य आपल्या गळ्यानं गाऊ लागलं ते असं.

मावळातल्या बँडवाल्यांना हे जाणकारांच्या आधी कळलं होतं. वडगावच्या एका वरातीत एक सॅक्सोफोनवाला ‘काश्मीर की कली’मधलं (१९६४) ‘है दुनिया उसी की’ वाजवत होता. नवरदेवाची घोडी थांबली, तरी याची फुंकर थांबेना. नंतर ओट्यावर चहा घेताना मी विचारलं, “दादा, मूळ कुणी वाजवलंय?” त्याला सांगता आलं नाही. रेडिओवर ऐकून ऐकून त्यानं ती जागा बसवली होती. तबकडीवर गायक, गीतकार, संगीतकार सगळे होते, वादकाचं नावच नव्हतं. मी नाव सांगितलं. त्यानं दोनदा म्हणून पाठ केलं.

आता मावळातली वरात डीजेवर निघते. भिंती हादरतात, पण थांबून ऐकावी अशी एकही जागा त्यात नसते. बँडवाल्यांची पोरं दुसऱ्या धंद्यांना लागली आणि कानावरून कानावर चाललेली ती शाळा बंद पडली.

मनोहारी १३ जुलै २०१०ला गेले. त्यांचा खरा संग्रह अनेकांच्या गाण्यांत विखुरलेला आहे, तो गोळा करायचा तर आधी नाव माहीत हवं. या दिवाळीत घरी ‘गाइड’ लावाल, तेव्हा त्या जागेवर पोरांना सांगा : हे मनोहारी सिंग.