वरातीचा घोडा गाढवाला का बुजतो?

वरातीतला घोडा बँडला सरावलेला असतो, पण वाटेत गाढव दिसलं की अडतो. आपण हसतो, पण पाठीवर नवरदेवापुढे लहानगं पोर असतं!

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त शेपटीमागचं आणि अगदी नाकाजवळचं नाही. अनोळखी आकार, वास, आवाज आला की आधी पळायचं, ही त्याची जात. गाढवासोबत वाढलेला घोडा सहसा बुजत नाही. गाढव मात्र घाबरलं की बहुधा जागीच थांबतं, म्हणून बिचारं हट्टी ठरतं.

घोड्याने कान ताठ केले, फुरफुरला, की बँड थांबवायला सांगा, पोराला उतरवून घ्या. चाबूक नको. गाढव त्याला लांबूनच निवांत बघू द्या. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेत आपली पोरं बैलांमागून बिनधास्त फिरतात. घोड्यामागून तसं जाऊ देऊ नका.